ब्लॉकचेनवरचा बेकायदेशीर मजकूर : पुसता येत नाही, मग जबाबदार कोण?

सेलूसारख्या तालुक्याच्या गावात 'क्रिप्टो' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. नागपूर-वर्धा अपडाऊन करणारी मुलं मोबाईलवर कॉइनचे भाव बघतात. कुणी 'घरबसल्या नोड चालवा, पैसे कमवा' अशा जाहिराती दाखवून आम्हाला विचारतात, हे खरं आहे का? अशा बोलण्यात दोन वाक्यं आमच्या कानावर वारंवार येतात. पहिलं : 'ब्लॉकचेनवर टाकलेलं कुणालाच काढता येत नाही.' दुसरं : 'म्हणून त्यासाठी कुणाला धरताही येत नाही.'

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसरं साफ चूक आहे. आपल्या तरुणांना ही चूक दोन्ही बाजूंनी महाग पडू शकते. बाबासाहेबांची विटंबना करणारं चित्र किंवा आपल्या एखाद्या बहिणीचा खासगी फोटो कुणी तिथे टाकला, तर 'आता काही होऊ शकत नाही' म्हणून आपण तक्रारच करणार नाही. आणि आपल्यापैकी एखादा कमाईच्या मोहात आपला कॉम्प्युटर परक्यांच्या मजकुरासाठी खुला करून बसला, तर त्याला आपण काय सांभाळतो आहोत याचा पत्ताही नसेल. म्हणून हा विषय सोप्या भाषेत मांडत आहोत.

वही एक, प्रती हजारो

ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची वही. तलाठ्याकडची फेरफार नोंदवही आपल्याला माहीत असते. त्यात जुनी नोंद खोडत नाहीत, नवी नोंद घालून तिच्यात बदल करतात. ब्लॉकचेनचं तसंच आहे, फरक एवढाच की ही वही एका कार्यालयात नसते. तिची पूर्ण प्रत जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर असते. असा प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे 'नोड'. नवीन नोंदींचा गठ्ठा, म्हणजे 'ब्लॉक', वहीला जोडण्याचं काम 'मायनर' करतात. बिटकॉइनमध्ये साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक जोडला जातो. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकची गणिती खूण असते. तिला 'हॅश' म्हणतात. मधल्या एका नोंदीतलं एक अक्षर बदललं तरी पुढच्या सगळ्या खुणा बिघडतात आणि इतर नोड ती प्रत नाकारतात. म्हणून एका माणसाच्या, कंपनीच्या किंवा सरकारच्या सांगण्यावरून जुनी नोंद गायब होत नाही. बिटकॉइनची ही वही आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे.

पैशाच्या वहीत चित्रं कशी शिरली?

ही वही पैशाच्या व्यवहारांसाठी केली होती. पण नोंदीसोबत थोडा इतर मजकूर लिहिण्याची सोय पहिल्यापासून होती. बिटकॉइनच्या जानेवारी २००९ मधल्या पहिल्याच ब्लॉकमध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्राचा मथळा लिहून ठेवलेला आहे. पुढे लोकांनी पत्त्याच्या रकान्यात खोटा पत्ता म्हणून मजकूर भरला, शेऱ्याच्या रकान्यात तुकडे टाकले. जानेवारी २०२३ मध्ये 'ऑर्डिनल्स' नावाची पद्धत आली आणि पूर्ण चित्रं, ध्वनिफिती थेट बिटकॉइनच्या वहीत चढवणं सोपं झालं.

यातला धोका नवा नाही. इंटरपोलने २०१५ मध्येच इशारा दिला होता की या वहीत घातक प्रोग्रॅम किंवा बालकांच्या शोषणाची चित्रं टाकली गेली, तर ती काढण्याचा मार्ग उरणार नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या आखेन आणि फ्रँकफर्ट इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी बिटकॉइनची वही तपासली. त्यांना सुमारे १,६०० फाइल्स सापडल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. पण निदान आठ फाइल्स लैंगिक स्वरूपाच्या होत्या. त्यांतल्या दोन फाइल्समध्ये बालकांच्या शोषणाच्या सामग्रीकडे नेणाऱ्या २७४ लिंक होत्या. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, बिटकॉइनमधून फुटलेल्या 'बीएसव्ही' या साखळीवर अशी चित्रं टाकली गेल्याची बातमी आली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. 'बिटकॉइन कोअर' हे बहुतेक नोड वापरतात ते सॉफ्टवेअर. त्याच्या ३० व्या आवृत्तीत शेऱ्याच्या रकान्याची नेहमीची मर्यादा ८० बाइटवरून एकदम सुमारे १ लाख बाइटपर्यंत वाढवली गेली. ८० बाइटमध्ये एखादं वाक्य मावतं, १ लाख बाइटमध्ये अख्खा फोटो. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की उद्या कुणी घाण टाकली तर ती आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर येऊन बसेल, त्याचा जाब कुणी द्यायचा? समर्थकांचं उत्तर होतं की टाकणारे इतर वाटांनी आधीपासूनच टाकत आहेत, मर्यादेने ते थांबलेले नाहीत.

जबाबदारी ठरते कशी?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. त्यात 'ब्लॉकचेन' हा शब्दच नाही. म्हणून जाब कुणी द्यायचा हे कायद्याच्या जुन्या तत्त्वांवरूनच बघावं लागतं. ही तत्त्वं तीन प्रश्नांत मांडता येतात. त्या माणसाला मजकुराची जाणीव होती का? त्याच्या हातात नियंत्रण होतं का? आणि त्याचा हेतू काय होता?

याचं आपल्या भागातलं चांगलं उदाहरण ब्लॉकचेनचं नाही, व्हॉट्सॲपचं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपमध्ये एका सदस्याने महिला सदस्याविषयी गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिनने त्या सदस्याला काढलं नाही, माफी मागायलाही लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : ॲडमिनला सदस्य जोडण्या-काढण्यापुरता मर्यादित अधिकार असतो. कोण काय लिहिणार हे तो आधी तपासू किंवा अडवू शकत नाही. कायद्यात तशी खास तरतूद नसेल, तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी त्याला फौजदारी गुन्हेगार धरता येत नाही. त्यासाठी समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं संगनमत दाखवावं लागतं. वर्धा जिल्हा याच खंडपीठाखाली येतो, म्हणून हा निकाल आपण लक्षात ठेवावा. लिहिणारा मात्र यातून सुटत नाही.

आता हेच तीन प्रश्न ब्लॉकचेनभोवतीच्या पाच माणसांना लावून बघू.

पहिला : मजकूर टाकणारा. याच्या बाबतीत काहीच संदिग्ध नाही. अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं (कलम ६७), उघड लैंगिक कृत्याचा मजकूर (कलम ६७अ) आणि बालकांच्या लैंगिक चित्रणाचा मजकूर (कलम ६७ब) हे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हे आहेत. शेवटच्या दोन्हींत पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. मजकूर फेसबुकवर टाकला की ब्लॉकचेनवर, याने फरक पडत नाही. परदेशात बसून टाकला, पण गुन्ह्यात भारतातला कॉम्प्युटर गुंतला असेल, तर कलम ७५ नुसार हा कायदा लागू होतो.

'पण तिथे नाव कुठे दिसतं?' हा प्रश्न येतो. नाव दिसत नाही, पत्ता दिसतो. आणि मजकूर चढवायला शुल्क भरावं लागतं. ते शुल्क ज्या वॉलेटमधून गेलं त्यात पैसे कुठून आले, याचा माग त्याच वहीत असतो. भारतातल्या एक्सचेंजना ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं आहे. त्यांना ग्राहकाची केवायसी ठेवावी लागते. साखळी एकदा एक्सचेंजपर्यंत पोचली की आधार-पॅनपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

दुसरा : मायनर. तो कोणत्या नोंदी ब्लॉकमध्ये घ्यायच्या हे निवडतो, म्हणजे त्याच्याकडे थोडं नियंत्रण आहे. पण निवड शुल्क बघून यंत्र करतं, मजकूर वाचून माणूस करत नाही. त्यामुळे नकळत झालेल्या कामाला हेतू चिकटवणं अवघड आहे. मात्र एखादी मायनर कंपनी पैसे घेऊन ठराविक मजकूर थेट स्वीकारत असेल, तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव दुबळा होतो.

तिसरा : नोड चालवणारा. खरा पेच इथेच आहे. मजकूर त्याच्या डिस्कवर आहे, पण तो त्याने टाकलेला नाही, पाहिलेला नाही आणि जगाच्या वहीतून तो काढूही शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 'मध्यस्थ' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने नोंद स्वीकारणारा, साठवणारा किंवा पुढे पाठवणारा, अशी रुंद व्याख्या आहे. नोड नेमकं हेच करतो. मध्यस्थाला कलम ७९ चं संरक्षण मिळू शकतं. अट अशी की त्याने मजकूर स्वतः सुरू केलेला नसावा, कुणाला पोचवायचा ते निवडलेलं नसावं, त्यात बदल केलेला नसावा आणि योग्य ती काळजी घेतलेली असावी. बेकायदेशीर मजकुराची प्रत्यक्ष जाणीव झाल्यावर मात्र त्याला तो काढावा लागतो. ही 'प्रत्यक्ष जाणीव' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी लावला.

मग आदेश आला तर नोडवाल्याने काय करायचं? जगाची वही बदलणं त्याच्या हातात नसलं, तरी आपली प्रत त्याच्या हातात आहे. जुने ब्लॉक तपासून झाल्यावर ते डिस्कवरून टाकून देण्याची सोय बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोड बंदही करता येतो. म्हणून 'माझं काहीच नियंत्रण नाही' हे उत्तर अर्धंच टिकतं.

ज्या योजना तुमच्या हार्ड डिस्कवरची रिकामी जागा भाड्याने मागतात, त्यांत जोखीम आणखी वेगळी आहे. तिथे परक्याचा मजकूर साठवणं हाच धंदा असतो आणि त्याचे पैसे तुमच्या खात्यात येतात. अशा कामात उतरण्यापूर्वी मजकूर कसा नोंदवला जातो, आदेश आल्यास तो काढता येतो का, करार कुणाशी आहे, हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चौथा : खिडकी उघडणारा. साखळीवर पडलेले बाइट सामान्य माणसाला दिसत नाहीत. ते चित्र म्हणून दाखवतात त्या वेबसाइट, वॉलेट ॲप आणि बाजारपेठा. यांना कंपनी असते, मालक असतो, सर्व्हर असतो. साखळीला आदेश देता येत नाही, यांना देता येतो. सरकार कलम ६९अ खाली वेबसाइट रोखू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी क्रिप्टो एक्सचेंजना नोटिसा दिल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये भारतात त्यांची संकेतस्थळं बंद झाली. ते प्रकरण मजकुराचं नव्हतं, नोंदणीचं होतं. पण खिडकी बंद करता येते हे त्यातून दिसलं. म्हणून आपली पहिली मागणी नेहमी खिडकीवाल्याकडे असावी : हा मजकूर दाखवणं थांबवा.

पाचवा : पाहणारा आणि पुढे पाठवणारा. इथे आपले कार्यकर्ते सर्वांत जास्त अडकू शकतात. निषेध म्हणून, जागृती म्हणून आपण तेच चित्र, तीच लिंक पन्नास ग्रुपवर टाकतो. बालकांच्या शोषणाच्या सामग्रीबाबत हे कधीही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी एका महत्त्वाच्या निकालात पोक्सो कायद्याच्या कलम १५ चा अर्थ स्पष्ट केला. पुढे पाठवण्याच्या हेतूने अशी सामग्री जवळ ठेवणं, ती नष्ट न करणं किंवा पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, प्रत्यक्ष पाठवलीच पाहिजे असं नाही. 'ताबा' म्हणजे फक्त फाइल फोनमध्ये असणं नाही. तिच्यावर जाणीवपूर्वक नियंत्रण असेल तर डाउनलोड न करता ऑनलाइन पाहणंही ताब्यात येऊ शकतं. न्यायालयाने असंही सुचवलं की अशा सामग्रीला 'पोर्नोग्राफी' म्हणू नये, कारण ते मुलांवर झालेल्या अत्याचाराचं चित्रण असतं. चुकून लिंक उघडली गेली तर लगेच बंद करा आणि कळवा. स्क्रीनशॉटही घेऊ नका.

याच निकालातला ताब्याचा विचार नोडवाल्याला लावला, तर त्याच्यासाठीही हीच कसोटी येते : नुसती फाइल डिस्कवर असणं वेगळं आणि माहीत असून ती ठेवणं वेगळं.

आपल्याविरुद्ध मजकूर टाकला तर

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातली २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यातल्या दोन तरतुदी इथे थेट कामाच्या आहेत. कलम ३(१)(यू) अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध वैरभाव किंवा द्वेष पसरवण्याबद्दल आहे. कलम ३(१)(व्ही) या समाजांना अतिशय आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करण्याबद्दल आहे. त्यात 'लिखित, तोंडी किंवा अन्य कोणत्याही मार्गाने' अशी व्याप्ती आहे. 'अन्य कोणत्याही मार्गाने' म्हटल्यावर ब्लॉकचेन बाहेर राहत नाही. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे.

तक्रार लिहिताना एक काळजी घ्या. केरळातल्या एका यूट्यूब वाहिनीच्या संपादकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की कलम ३(१)(यू) साठी द्वेष संपूर्ण समाजाविरुद्ध पसरवलेला असावा लागतो. एका माणसाविरुद्धचं वाईट बोलणं तेवढ्याने या कलमात येत नाही. म्हणून मजकुरातला कोणता शब्द, कोणतं चित्र समाजाला लक्ष्य करतं हे तक्रारीत स्पष्ट लिहा. नुसतं 'भावना दुखावल्या' एवढ्यावर थांबू नका.

पुरावा जमवताना साखळीचा पुसला न जाण्याचा गुण आपल्या बाजूने येतो. फेसबुकवरची पोस्ट टाकणारा रात्रीतून काढतो आणि आपण हात चोळत बसतो. इथे तो काढू शकत नाही. पुढच्या गोष्टी लिहून ठेवा :

१. व्यवहार क्रमांक. बिटकॉइनमध्ये तो ६४ अक्षर-अंकांचा असतो आणि दुसऱ्या कुठल्याही व्यवहाराचा तोच नसतो. एकही अक्षर न चुकवता उतरवा.

२. कोणती साखळी, कितवा ब्लॉक, तारीख-वेळ काय.

३. कोणत्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये तो मजकूर दिसला, तिचा पूर्ण पत्ता.

४. बालकांशी संबंधित नसलेल्या मजकुराचे स्क्रीनशॉट. पण ते ग्रुपवर फिरवायचे नाहीत, तक्रारीला जोडायचे.

५. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात आणता येत नसेल तर हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅशही भरावा लागतो. वकिलाशी आधीच बोलून ठेवा.

तक्रार सेलूच्या पोलीस ठाण्यात द्या, वर्ध्याच्या सायबर पोलिसांकडे द्या किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर टाका. 'गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही' म्हणून ठाण्याला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायला सांगतं. ॲट्रॉसिटीच्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. पैशाची फसवणूक असेल तर १९३०, मुलांचा प्रश्न असेल तर १०९८.

तीच वही पीडितांच्याही हाती

सरकारने कुठलाही मजकूर पुसण्याची ताकद मिळवावी, असंही आमचं म्हणणं नाही. एप्रिल २०१८ मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने जुन्या लैंगिक अत्याचार प्रकरणाची माहिती मागितली. तिच्यावर दबाव आला, तिचं खुलं पत्र चिनी समाजमाध्यमांवरून काढलं जाऊ लागलं. तेव्हा कुणीतरी ते पत्र इथेरियमच्या एका व्यवहारात लिहून टाकलं. ते आजही तिथे आहे. ज्यांचा आवाज नेहमी दाबला जातो त्यांना या गुणाची किंमत कळते.

दुसरं उदाहरण दक्षिण कोरियातून चालणाऱ्या एका बालशोषणाच्या वेबसाइटचं. ग्राहक बिटकॉइनने पैसे भरत, आपण ओळखू येणार नाही असं समजत. तपास करणाऱ्यांनी साखळीवरचे व्यवहार उलगडले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ३८ देशांतल्या ३३७ जणांच्या अटकेची माहिती जाहीर झाली. अनेक मुलांची सुटकाही झाली. गुन्हेगारांना जी वही सुरक्षित वाटली, तिनेच त्यांना पकडून दिलं.

आपली जात प्रमाणपत्रंही या वाटेवर आहेत

हा विषय आपल्यापासून दूर आहे असं वाटत असेल, तर गडचिरोलीकडे बघा. मार्च २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात ६५,००० जात प्रमाणपत्रं 'पॉलिगॉन' या सार्वजनिक ब्लॉकचेनच्या आधाराने पडताळता येतील अशी योजना जाहीर झाली. हेतू चांगला आहे. बोगस प्रमाणपत्रांनी खऱ्या लाभार्थ्यांच्या जागा खाल्ल्या जातात आणि पडताळणीसाठी आपल्या पोरांना किती चकरा माराव्या लागतात, हे आपण बघतोच.

पण इथेही तोच प्रश्न विचारायचा : वहीत नेमकं काय लिहिलं जातं? फक्त हॅश लिहिला, तर प्रमाणपत्र खरं की खोटं एवढंच कळतं. नाव, वडिलांचं नाव आणि जात उघड लिहिली, तर उद्या घर भाड्याने देणारा किंवा नोकरी देणारा जगात कुठूनही, कधीही आपली जात शोधू शकेल आणि ती नोंद काढता येणार नाही. अंदाज बांधता येईल अशा त्रोटक माहितीचा नुसता हॅशही पुरेसा सुरक्षित नसतो. नावं आणि जाती एकेक करून टाकून बघितल्या की तो जुळवता येतो. त्यात गुप्त अंक मिसळावे लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ च्या कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. जिथे पुसताच येत नाही तिथे हा हक्क कागदावर राहतो. म्हणून कुठल्याही कार्यालयाने अशी योजना आणली तर कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावं : साखळीवर हॅश जातो की माहिती? गुप्त अंक मिसळले आहेत का? चुकीचं नाव पडलं तर दुरुस्ती कशी होते? प्रमाणपत्र रद्द झालं तर ते कुठे दिसतं?

कायद्याकडून काय हवं?

आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. एक, मजकूर टाकणारा आणि तो जाणूनबुजून दाखवून पैसे कमावणारा यांच्यावर जबाबदारी स्पष्ट असावी. दोन, नकळत प्रत बाळगणाऱ्या साध्या नोडवाल्याला संरक्षण असावं, पण आदेश मिळाल्यावर आपली प्रत साफ करण्याचं बंधनही असावं. नाहीतर मोठ्या कंपन्या सुटतील आणि खोलीत एक कॉम्प्युटर लावून बसलेलं गरिबाचं पोर आत जाईल. तीन, तालुका पातळीवरच्या पोलिसांना व्यवहार क्रमांक वाचायचं प्रशिक्षण मिळावं. आज ठाण्यात 'ब्लॉकचेन' म्हटलं की समोरचा अंमलदार आपल्यालाच विचारतो, हे कोणतं ॲप?

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करू. विहारातल्या तरुणांच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. ज्याच्या मोबाईलमध्ये वॉलेट आहे त्याला एक्सप्लोरर उघडायला सांगा आणि व्यवहार क्रमांक कसा दिसतो ते सगळ्यांना दाखवा. घाण दिसली की फॉरवर्ड करायची नाही, क्रमांक लिहून घ्यायचा आणि ठाणं गाठायचं, एवढी सवय लागली तरी पुरे.